जैवसंख्याशास्त्रज्ञाचे काम आकडे हाती येण्याआधीच सुरू होते

संख्याशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारले आहेत. त्याच्यासमोर दोन नोकऱ्या आहेत. एक पुण्यातील एका कंपनीत, औषधांच्या क्लिनिकल ट्रायलसाठी सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचा प्रोग्रामर म्हणून, आणि तिचा पगार चांगला आहे. दुसरी ग्रामीण भागात माता-बाल आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत, तीन वर्षांच्या कंत्राटावर, जैवसंख्याशास्त्रज्ञ, म्हणजे आरोग्य संशोधनातील आकड्यांची बाजू सांभाळणारा संख्याशास्त्रज्ञ म्हणून. दुसऱ्या वाटेला भवितव्य आहे का, तिथे दिवसभर नेमके काय करायचे असते, आणि वैद्यकाचे शिक्षण नसताना ते काम जमेल का, असे त्याचे प्रश्न आहेत. मी स्वतः सत्तावीस वर्षे या दुसऱ्या वाटेवर आहे, त्यामुळे माझे उत्तर पूर्णपणे तटस्थ असेल असा दावा मी करणार नाही.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. मी रुजू झाले तेव्हा माझी समजूत अशी होती की क्षेत्रातून आकडे येतील, मी योग्य ती संख्याशास्त्रीय चाचणी निवडेन, संगणक उत्तर देईल आणि डॉक्टरमंडळी त्याचा अर्थ लावतील. पहिल्याच प्रकल्पात ही समजूत मोडली. नवजात बालकांच्या वजनांचा एक तक्ता माझ्याकडे आला होता. त्याचा आलेख काढला तेव्हा 2500 ग्रॅमवर एक उंच सुळका दिसला आणि 3000 वर दुसरा, त्याहून थोडा बुटका. माणसांची मुले अशी अर्ध्या किलोच्या टप्प्याटप्प्याने जन्माला येत नाहीत. मी उपकेंद्रावर गेले. तिथला स्प्रिंगचा काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणांचा होता आणि त्या खुणाही निम्म्या पुसल्या होत्या. पण खरे कारण नर्सताईंनी सांगितले : बाळ अडीच किलोच्या खाली लिहिले की जादा भेटी द्याव्या लागतात, जादा फॉर्म भरावे लागतात आणि वरून विचारणा होते ती वेगळीच. कमी वजनाच्या बाळाची व्याख्या 2500 ग्रॅमपेक्षा कमी अशी असल्यामुळे 2450 चे बाळ 2500 लिहिले गेले की ते कागदावर सुदृढ होते, आणि कुणाच्याही पोटात चार घास जास्त न जाता तालुक्यातील कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण घटते. अशा आकड्यांवर कोणतीही चाचणी चालवली तरी हा दोष दुरुस्त होत नाही. आम्ही दहा ग्रॅमपर्यंत मोजणारे डिजिटल काटे घेतले, दर दहा बाळांमागे एकाचे वजन दुसऱ्या व्यक्तीने पहिला आकडा न पाहता पुन्हा घ्यावे असा नियम केला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमी वजन नोंदवल्याबद्दल नर्सताईंना कुणी जाब विचारणार नाही, याची हमी वरिष्ठांकडून मिळवली. यातली तिसरी गोष्ट संख्याशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

दुसरे उदाहरण माहेरपणाचे. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. एखाद्या संशोधन क्षेत्रातील गावांत होणाऱ्या सगळ्या जन्मांची नोंद ठेवायची असे आपण ठरवतो, तेव्हा त्या गावांतील सुना पहिल्या खेपेला क्षेत्राबाहेर गेलेल्या असतात आणि त्याच गावांतील लेकी बाहेरून बाळंतपणाला आलेल्या असतात. सुनेचे बाळ नोंदीतून गळते. लेकीचे बाळ जन्म म्हणून मोजले जाते, पण महिन्या-दीड महिन्याने ती सासरी गेली की त्या बाळाचे पुढे काय झाले हे कळत नाही. पहिलटकरणीची बाळे सरासरीने वजनाला थोडी कमी असतात आणि पहिल्या महिन्यातील मृत्यूचा धोकाही त्यांना अधिक असतो, त्यामुळे ही गळती निरुपद्रवी नाही. संगणकाच्या भाषेत तो फक्त एक रिकामा रकाना असतो आणि बहुतेक सॉफ्टवेअर तो निमूटपणे वगळून पुढे जाते. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांचेही तसेच. दिवाळीच्या सुमारास ती कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. जानेवारीत पाहणी केली तर प्रश्नावलीवर ‘घर बंद’ असा शेरा येतो आणि गावातील सर्वांत हातावर पोट असलेली घरेच सरासरीतून वजा होतात. पाहणी कोणत्या महिन्यात करायची, ‘रहिवासी’ कुणाला म्हणायचे आणि माहेरी गेलेल्या बाईचा पाठपुरावा कोणी करायचा, हे प्रश्न नमुना निवडीचे आहेत आणि ते जैवसंख्याशास्त्रज्ञानेच विचारायचे असतात. डॉक्टरांना ते सुचत नाहीत असे नाही. पण ते विचारणे ही त्यांची जबाबदारी मानली जात नाही.

जन्म-मृत्यू नेमके किती झाले हे मोजण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी 1949 मध्ये त्यासाठी एक सुंदर युक्ती मांडली. समजा, गावातल्या नोंदणी करणाऱ्याला वर्षभरात 180 जन्म सापडले, स्वतंत्रपणे घरोघर फिरलेल्या पर्यवेक्षकाला 160 सापडले आणि दोघांच्या याद्या ताडून पाहता 144 जन्म दोन्हींत आढळले. मग पर्यवेक्षकाच्या 160 पैकी 144, म्हणजे नव्वद टक्के, नोंदणी करणाऱ्याने टिपले होते. तेव्हा त्याचे 180 हे एकूण जन्मांच्या नव्वद टक्के असणार आणि एकूण जन्म सुमारे 200. दोघांच्याही हातून निसटलेल्या चार जन्मांचा अंदाज अशा रीतीने कागदावर येतो. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीतही, म्हणजे निवडक गावे-वस्त्यांतून जन्म-मृत्यूदर काढणाऱ्या सरकारी यंत्रणेतही, सतत नोंद आणि दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी अशी दुहेरी रचना आहे. तिथे दोन याद्या ताडून न जुळलेल्या घटना पुन्हा क्षेत्रात जाऊन तपासल्या जातात. मात्र वरचे गणित एका गृहीतकावर उभे आहे : दोघांच्या चुका परस्परांशी संबंधित नसाव्यात. जन्मल्यावर काही तासांत गेलेले बाळ, ज्याचे बारसेही झाले नाही आणि ज्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, ते पहिल्याच्याही हातून सुटते आणि दुसऱ्याच्याही. तिथे सूत्र वास्तवापेक्षा कमी आकडा देते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, 47 गावे तुलनेसाठी ठेवली, आणि नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याची चर्चा होते तेव्हा सगळे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यदूतांच्या हातातील औषधांबद्दल बोलतात. माझ्या मते त्या प्रयोगाचा कणा दोन्ही बाजूंच्या गावांत जन्म-मृत्यू सारख्याच काटेकोरपणे मोजण्यात होता. एका बाजूला मोजणी ढिली असती तर त्या टक्केवारीला काहीच अर्थ उरला नसता.

आता अभ्यासाच्या रचनेकडे वळते, कारण तुमच्या नोकरीतले सर्वांत वादाचे प्रसंग इथेच घडतील. सार्वजनिक आरोग्यात बहुतेक वेळा एकेका माणसाला नव्हे तर अख्ख्या गावाला किंवा वस्तीला एखादा उपाय दिला जातो, आणि एका गावातील माणसे एकमेकांसारखी असतात. पाणी तेच, आशाताई त्याच, रस्ता तोच. त्यामुळे एकाच गावातील पन्नास बायका म्हणजे पन्नास स्वतंत्र साक्षी नव्हेत. हे साधर्म्य अगदी थोडे, म्हणजे सहसंबंधाच्या मापात (0 म्हणजे साधर्म्य नाही, 1 म्हणजे सगळ्या तंतोतंत सारख्या) 0.02 एवढेच असले आणि दर गावातून 50 जणी घेतल्या, तर लागणारा नमुना 1 + 49 × 0.02 = 1.98 पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो (49 म्हणजे 50 मधून एक वजा). एका बैठकीत प्रकल्पप्रमुखांनी मला सांगितले होते की गावे वाढवली की जीपचा खर्च वाढतो, तेव्हा 20 गावे तशीच ठेवून दर गावी 50 ऐवजी 200 बायका घ्या. मी फळ्यावर हिशेब मांडला. 20 गावांतील 1000 बायकांची माहिती सुमारे 505 स्वतंत्र बायकांच्या माहितीइतकी ठरते. त्याच गावांत 4000 घेतल्या तर चौपट काम करूनही ती 803 वर अडकते. आणि तेवढ्याच 4000 बायका 80 गावांतून घेतल्या तर 2020 वर जाते. जीपचा खर्च मंजूर झाला. माझ्या अनुभवात हे एक गणित दर दोन-तीन वर्षांनी नव्या माणसासमोर नव्याने मांडावे लागते, आणि त्याचा कंटाळा करून चालत नाही.

या प्रकारची मोठी चाचणी कशी दिसते ते पाहायचे असेल तर लांब जाण्याची गरज नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर जी चाचणी झाली, तिच्यात 52 ग्रामसमूहांतील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या आणि हे समूह यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने चार गटांत वाटले होते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता आणि तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू असल्यामुळेच एवढ्या स्त्रियांपैकी कुणाला कर्करोग झाला आणि कोण दगावले हे वर्षानुवर्षे मोजता आले. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत असणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा मृत्यूंवर ठोस परिणाम दिसला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या चाचणीत हीच तपासणी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ‘उपाय चालतो का’ या प्रश्नाआधी ‘किती वेळा, कोणाच्या हातून, कोणत्या वस्तीत’ हे विचारावे लागते. या चाचण्यांतील तुलना गटातल्या स्त्रियांची तपासणी झाली नाही यावरून पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला, तोही नीट वाचा. नमुन्याचा आकार ठरवणाऱ्या माणसाने त्या वादापासून अंग काढून घेणे मला पटत नाही, कारण तुलना गट किती मोठा आणि किती काळ ठेवायचा, हे आपल्याच गणितातून ठरत असते.

निष्कर्ष लिहिताना खरी कसोटी लागते. मुंबईच्या त्याच, 1998 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तन तपासणीचाही परिणाम पाहिला गेला. 20 समूह, 1,51,538 स्त्रिया आणि वीस वर्षांचा पाठपुरावा. 2021 मध्ये निष्कर्ष आला : स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी गटात 15 टक्क्यांनी कमी, पण दोन गटांच्या मृत्युदरांच्या गुणोत्तराचा (1 म्हणजे फरक नाही) विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज आहे तो, 0.71 ते 1.01 आणि पी-मूल्य, म्हणजे परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, 0.07. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांपुरते पाहिले तर घट सुमारे 30 टक्के. आता याचे काय म्हणायचे? ‘परिणाम नाही’ असे म्हणणे चूक आहे, कारण 29 टक्क्यांपर्यंतची घट या अंतरालात बसते. ‘पन्नाशीनंतर सिद्ध झाले’ असे बिनधास्त म्हणणेही चूक आहे, कारण वयाची ही विभागणी नंतर केलेली होती. मात्र पाळी गेल्यानंतरच्या स्तनांत गाठ हाताला सहज लागते हे जैविक कारण तिच्या पाठीशी आहे, म्हणून तिला उडवूनही लावता येत नाही. हे सगळे एका परिच्छेदात, अतिशयोक्ती न करता आणि घाबरून गुळमुळीतही न होता लिहिणे हे आपले कौशल्य. एका प्रकल्पात, संस्थेचे नाव सांगत नाही, मुख्य निष्कर्ष हवा तसा आला नाही म्हणून सतरा उपगट तपासून त्यातला एक ‘लागलेला’ उपगट सारांशात घालण्याचा आग्रह माझ्याकडे झाला. मी नकार देऊ शकले, कारण विश्लेषणाचा आराखडा आकडे उघडण्यापूर्वी तारखेसह सही करून ठेवलेला होता. धैर्यापेक्षा तो कागद कामाला आला. भारतात चाचण्यांची नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून औषध चाचण्यांसाठी ती सक्तीची झाली. निरीक्षणात्मक, म्हणजे कोणताही उपाय न देता नुसती पाहणी करणाऱ्या अभ्यासांत मात्र अशी शिस्त आपली आपणच लावून घ्यावी लागते.

आकडे धोरणात उतरतात तेव्हा काय होते याचे एक जुने आणि आपल्या घरचे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. देशातील किती लोक उपाशी आहेत हे मोजताना सरासरी उष्मांकांची रेषा आखून तिच्याखालचे सगळे कुपोषित ठरवण्यास त्यांनी हरकत घेतली. गरज माणसागणिक आणि एकाच माणसात दिवसागणिक बदलते. धडधाकट लोकांचा समूह घेतला तरी निम्मे सरासरी गरजेच्या खालीच असणार. त्यावर अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसारख्यांशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला. सुखात्म्यांची रेषा गरिबांची संख्या फारच कमी दाखवते हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. तरीही विचलन, म्हणजे माणसामाणसांतला फरक, विसरून सरासरीवर धोरण आखू नये हा त्यांचा मुद्दा खोडता आलेला नाही. अलीकडच्या बातम्यांतही तेच दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते आणि 2019-21 मध्ये 35.2 झाले, तर लगेच ‘कुपोषण वाढले’ असे मथळे दिले जातात. नमुन्यातली अनिश्चितता लक्षात घेता एवढ्या फरकावरून वाढ सांगता येत नाही. पाच वर्षांत घट झाली नाही, हे मात्र सांगता येते आणि तीच चिंतेची गोष्ट आहे.

वैद्यकाच्या ज्ञानाबद्दल : पदवी लागत नाही, पण कुतूहल लागते. पहिले सहा महिने आठवड्यातून एक दिवस बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांशेजारी बसा, आणि घरी झालेल्या मृत्यूचे कारण नातेवाइकांना विचारून ठरवले जाते त्या भेटींना किमान दहा वेळा जा. ‘कारण अज्ञात’ हा शिक्का कसा पडतो ते एकदा पाहिले की पुढे तो रकाना तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. शिक्षणात भर घालायची असेल तर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जैवसंख्याशास्त्राचे चांगले अभ्यासक्रम आहेत, आणि पीएच.डी. नोकरी करता करता प्रकल्पातील आकड्यांवर करता येते. सॉफ्टवेअरची फार काळजी करू नका. आर पक्के शिका, ते फुकट आहे. स्टाटा संस्थेत असेल तर महिन्याभरात हाताला बसेल.

भवितव्याचे म्हणाल तर गुलाबी चित्र रंगवणार नाही. अनुदान संपले की पद संपते, दोन प्रकल्पांच्या मधले काही महिने ताणाचे जातात, आणि माझे पहिले कायम पद मला अकराव्या वर्षी मिळाले. कंपनीचा पगार आरंभीच जास्त असतो आणि तो फरक बरीच वर्षे राहतो. घरावर कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडांचे शिक्षण तुमच्यावर असेल तर कंपनी निवडण्यात कमीपणा मुळीच नाही. शिवाय तिथे एक शिस्त शिकायला मिळते जी आमच्याकडे अभावानेच आढळते : एकच तक्ता दोन प्रोग्रामर एकमेकांचे न पाहता तयार करतात आणि दोन्ही जुळल्याखेरीज तो पुढे जात नाही. आमच्या गटात मी ती पद्धत एका माजी कंपनीवाल्याकडूनच उचलली. पण पाच-सहा वर्षे दुसऱ्याने आखलेल्या आराखड्यातून तक्ते काढत राहिल्यावर अभ्यास मुळापासून रचण्याची सवय लागणे कठीण जाते, असे माझ्या गटात आलेल्या मुलामुलींकडे पाहून मला वाटते. उलट दिशेचा प्रवास तुलनेने सोपा असतो.

म्हणून संस्थेच्या मुलाखतीला जाल तेव्हा पगाराइतक्याच आग्रहाने तीन गोष्टी विचारा. प्रस्ताव लिहिला जात असताना जैवसंख्याशास्त्रज्ञ बैठकीला असतो का. मूळ नोंदवह्या आणि क्षेत्रातील गावे पाहण्याची मुभा आणि प्रवासखर्च मिळतो का. आणि रचनेत ज्याचा हात आहे त्याचे नाव शोधनिबंधाच्या लेखकांत येते का, नुसते शेवटी आभारात नव्हे. तिन्हींची उत्तरे स्पष्ट ‘हो’ अशी आली तर तीन वर्षांचे कंत्राट असले तरी जा. ‘आकडे गोळा झाले की तुम्हाला बोलावू’ असे उत्तर आले तर ती नोकरी कमी पगाराची प्रोग्रामिंगचीच आहे, आणि मग पुण्याची कंपनी बरी.